टाकीतली हवा मनगटावर

गोव्यातलं ग्रँड आयलंड, मालवणचा समुद्र, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी. बेळगावपासून हैदराबादपर्यंतच्या आपल्या घरांतली तरुण मंडळी हल्ली सुट्टीत इथे स्कूबा डायव्हिंगला जातात. पहिल्यांदा प्रशिक्षक सोबत धरून खाली नेतो आणि टाकीत हवा किती उरली, ते तोच बघतो. पण गोडी लागली की काहीजण रीतसर कोर्स करतात. तारकर्लीला तर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाच आहे. कोर्स झाल्यावर मात्र आपली हवा आपणच मोजायची असते. मग दुकानात एक देखणं घड्याळ खुणावू लागतं: डाइव्ह कॉम्प्युटर, सोबत टाकीवर बसवायचा बिनतारी ट्रान्समीटर. ते घेण्याआधी त्याची कुवत समजून घेऊ या.

घड्याळ काय मोजतं?

खोल पाण्यात श्वास घेताना हवेतला नायट्रोजन शरीरात विरघळतो. फार वेळ थांबून भरकन वर आलं, तर त्याचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत त्रास होऊ शकतो. पूर्वी हा हिशेब छापील तक्त्यांवरून करत. १९८३ साली आलेल्या ‘एज’ या यंत्रापासून हे काम कॉम्प्युटरकडे गेलं. आजचं घड्याळ खोली आणि वेळ सतत मोजून ‘इथे अजून इतकी मिनिटं थांबता येईल’ असं सांगतं. फार वेगाने वर जाऊ लागलात, तर इशाराही देतं.

टाकीतला दाब मात्र त्याला आपोआप कळत नाही. त्यासाठी रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजवर, उच्च दाबाच्या पोर्टमध्ये ट्रान्समीटर बसवतात. ब्लूटूथच्या लहरी खारं पाणी लगेच शोषून घेतं. त्यामुळे बरेच ट्रान्समीटर कमी वारंवारतेच्या लहरी वापरतात. त्यांचा पल्ला मीटर-दीड मीटरचा. २०२० साली गार्मिनने डिसेंट एमके२आय घड्याळासोबत ध्वनिलहरींवर चालणारा ट्रान्समीटर आणला. त्याचा पल्ला सुमारे १० मीटर असल्यामुळे जोडीदाराची हवाही आपल्या मनगटावर दिसू शकते.

हवेचं गणित

नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या टाकीत साधारण ११ लिटर जागा असते. २०० बार दाबाने भरली, तर तिच्यात सुमारे २,२०० लिटर हवा मावते. ५० बार शिल्लक ठेवून वर यायचं, म्हणजे वापरायला १,६५० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागत असेल, तर १० मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणून ४० लिटर लागते. हवा पुरते ४१ मिनिटं. २० मीटरवर दाब तिप्पट. तिथे तीच टाकी २७ मिनिटांत संपते. प्रवाहाविरुद्ध पोहलात किंवा घाबरून धापा टाकल्या, तर आणखी लवकर.

घड्याळ गेल्या काही मिनिटांतला तुमचा वापर पाहून ‘हवा आणखी इतकी मिनिटं पुरेल’ हा आकडा दाखवतं. तो आकडा अंदाजाचा असतो. शांत तरंगताना दिसलेली २० मिनिटं प्रवाहात सापडल्यावर झपाट्याने कमी होतात.

आकडा गायब झाला तर?

ट्रान्समीटरची बॅटरी उतरते, कॅमेऱ्याच्या फ्लॅशमुळे किंवा हात टाकीपासून लांब गेल्यामुळे सिग्नल तुटतो. काही घड्याळं अशा वेळी शेवटचा आकडा तसाच ठेवून बारीकशी सूचना देतात. तो आकडा ताजा समजून पोहत राहणं धोक्याचं. म्हणून अनुभवी डायव्हर ट्रान्समीटर लावूनही होजच्या टोकाचं साधं प्रेशर गेज काढत नाहीत. गेज नसेल आणि सिग्नल परत येत नसेल, तर जोडीदाराला खूण करून डाइव्ह तिथेच संपवायची. सावकाश वर यायचं, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं आणि मग पृष्ठभागावर.

साध्या गेजचा आणखी एक उपयोग आहे. टाकीचा व्हॉल्व्ह अर्धवटच उघडला असेल, तर श्वास घेताना गेजचा काटा खाली जातो आणि पुन्हा वर येतो. ट्रान्समीटर काही सेकंदांनी एकदा आकडा पाठवतो, त्यामुळे हा चढउतार घड्याळावर निसटू शकतो. बोटीवरच गेजकडे बघत तीन-चार खोल श्वास घ्यावेत.

बोटीवर टाकी उचलताना ट्रान्समीटरला कोणी मूठ समजून धरत नाही ना, तेही बघा. तो तुटण्याचं हे नेहमीचं कारण आहे. एकाच गटात दोघांचे ट्रान्समीटर असतील, तर प्रत्येकाचं घड्याळ आपल्याच टाकीशी जोडलंय ना, हे पाण्यात उतरण्यापूर्वी तपासा.

वर आल्यानंतरचा घाट

आपल्या भागातल्या लोकांनी सर्वांत जास्त लक्ष द्यायची गोष्ट पाण्याबाहेर आहे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या मार्गदर्शनानुसार एका साध्या डाइव्हनंतर विमानप्रवासाआधी किमान १२ तास थांबावं. एकाहून अधिक डाइव्ह किंवा सलग काही दिवस डाइव्ह केल्या असतील, तर किमान १८ तास. विमानात हवेचा दाब कमी होतो आणि शरीरात उरलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडू शकतो.

पण दाब कमी होतो तो विमानातच असं नाही. हे मार्गदर्शन सुमारे ६०० मीटर उंचीपासून लागू होतं आणि बेळगाव आहे सुमारे ७५० मीटरवर. सकाळी ग्रँड आयलंडला दोन डाइव्ह करून दुपारी चोर्ला घाट चढणं, किंवा मालवणहून आंबोलीमार्गे घरी निघणं, यातही तोच धोका आहे. बऱ्याच घड्याळांवर ‘नो फ्लाय’ची उलटी मोजणी दिसते. ती घाटालाही लावा. सहल आखतानाच डाइव्ह पहिल्या दिवशी ठेवा. किल्ला, देवदर्शन आणि मासळीचं जेवण शेवटच्या दिवसासाठी. परतल्यावर सांधे दुखू लागले, मुंग्या आल्या किंवा चक्कर आली, तर ‘दमणूक असेल’ म्हणून झोपू नका. डॉक्टरांकडे जा आणि डाइव्ह केल्याचं आवर्जून सांगा.

घ्यावं का?

घड्याळ आणि ट्रान्समीटर मिळून खर्च लाखाच्या पुढे जाऊ शकतो. वर्षातून एकदाच पाण्यात उतरणार असाल, तर भाड्याचं साधं कॉम्प्युटर आणि गेज पुरेसं आहे. नियमित जात असाल, तर जरूर घ्या. होज चाचपडत न बसता हवा, खोली आणि वेळ एका नजरेत दिसतात. पहिल्या काही डाइव्हमध्ये मात्र एक सवय लावा: आधी मनाशी अंदाज करा, ‘आता १२० बार असेल’, आणि मगच मनगट बघा. तुमचा अंदाज दहा बारच्या आत येऊ लागला, म्हणजे सिग्नल तुटला तरी हवा किती उरली, याची तुम्हाला कल्पना असेल.