सातबारा साइटचा

गिऱ्हाईकाला वेबसाइट बनवून देणं हे माझं काम. आधी कागदावर आखणी: पानं किती, फोटो कुठे, ऑर्डरचं बटण कुठे. रंगांचा घोळ नंतर! मग विचारते, डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कुणाच्या नावावर घ्यायचं? ‘तुम्हीच घ्या हो ताई,’ बहुतेकजणी म्हणतात. इथेच फसतं. मसाले विकणाऱ्या एका काकूंचं डोमेन आधीच्या डिझायनरने स्वतःच्याच नावे घेतलेलं. त्याने फोन उचलणं सोडलं, मुदत संपली, साइट बंद. पत्ता छापलेली पाकिटं घरात पडून! होस्टिंग ही भाड्याची खोली, बदलता येते. डोमेन मात्र सातबाऱ्यासारखं, नाव ज्याचं हक्क त्याचा. मैत्रिणींनो, नोंदणी आपल्याच नावाने, आपल्याच ईमेलवरून करा. १ ते १० वर्षांचे पैसे एकदम भरता येतात. मुदतीची तारीख कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवा.