शाळेसाठी सोल्डरिंग स्टेशन : निवड, पारख व निगा

उच्च प्राथमिक वर्गांत विद्युत्प्रवाहाचे पाठ शिकविताना घट, बल्ब, कळ व तारा यांची जोडणी करावी लागते. बहुधा तारांची टोके एकमेकांभोवती पिळून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळली जाते. असा सांधा पाठापुरता टिकतो. पुढे तांब्यावर काळपट थर चढतो, पीळ सैल पडतो, आणि विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी विद्यार्थ्याने महिनाभर खपून केलेली घंटा मुकी राहते. त्या वेळी मुलास वाटते की, आपल्याला विषयच समजला नव्हता. वस्तुतः त्याची समज बरोबर असते. दोष सांध्यात असतो. हा दोष डाख देऊन, म्हणजेच सोल्डरिंग करून, कायमचा दूर करता येतो. त्यासाठी लागणारे साधन शाळेच्या अल्प निधीतून घ्यावयाचे असल्यास कशावर पैसा खर्च करावा व कशावर करू नये, याचे विवेचन येथे केले आहे.

डाख कसा धरतो

कल्हईवाल्याचे काम पाहिलेल्यांस हे तत्त्व चटकन ध्यानात येईल. तो भांडे तापवितो, त्यात नवसागराची पूड टाकतो आणि मग कथील फिरवितो. नवसागरामुळे धातूवरील मळ व गंजाचा थर निघून जातो आणि कथील स्वच्छ पृष्ठभागास घट्ट धरते. भांडे पुरेसे तापले नसेल, तर कथलाच्या गोळ्या होतात.

विद्युत्‌कामातील डाखही असाच धरतो. फरक एवढाच की, तेथे नवसागराऐवजी राळ वापरतात व ती डाखाच्या तारेच्या पोटातच भरलेली असते. नवसागर किंवा पत्र्याच्या कामातील आम्लयुक्त पेस्ट येथे मुळीच वापरू नये. तिचा राहिलेला अंश बारीक तारा कालांतराने खाऊन टाकतो.

६३ भाग कथील व ३७ भाग शिसे यांचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. ९९.३ भाग कथील व ०.७ भाग तांबे यांचा शिसेविरहित डाख २२७ अंशांस वितळतो. सांध्याकडे उष्णता वाहून जात असल्यामुळे सोल्डरिंग आयर्नचे टोक, ज्यास कारागीर 'बिट' म्हणतात, ते याहून बरेच अधिक तापलेले असावे लागते. पहिल्या प्रकारास साधारणतः ३२० ते ३५० अंश व दुसऱ्यास ३५० ते ३८० अंश पुरतात. बिट थंड असल्यास डाख नुसता चिकटल्यासारखा दिसतो, पण प्रवाह नीट वाहत नाही. ते फार तापल्यास राळ काम होण्यापूर्वीच जळून जाते व छापील मंडलाच्या पट्टीवरील तांबे उचकटते. सबब, योग्य तापमान टिकविणे हेच या साधनाचे मुख्य कार्य होय.

साध्या आयर्नची मर्यादा

बाजारात काहीशे रुपयांत मिळणारे २५ वॅटचे साधे आयर्न सरळ २३० व्होल्टच्या प्रवाहावर चालते. त्यात तापमान राखणारी कोणतीही योजना नसते. ते स्टँडवर स्वस्थ ठेवले की तापतच जाते. जाड तारेला लावले की एकदम निवते.

खेड्यातील शाळेस यात आणखी एक अडचण येते. सायंकाळी किंवा शेतीपंप चालू असताना विजेचा दाब उतरतो. उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. दाब २३० वरून १८० व्होल्टवर आल्यास (१८० ÷ २३०) चा वर्ग सुमारे ०.६१ येतो, म्हणजे २५ वॅटचे आयर्न जेमतेम १५ वॅटचे उरते. हे गणित आठवीच्या विद्यार्थ्यांकडूनही करवून घेता येईल. एकाच आयर्नने सकाळी केलेला सांधा पक्का व सायंकाळी केलेला कच्चा का निघतो, याचे उत्तर त्यातून मिळते.

वर्षाकाठी चार-दोन तारा जोडावयाच्या असतील, तर साधे आयर्न पुरे. विद्यार्थी नियमाने उपकरणे करणार असतील, तर मात्र सोल्डरिंग स्टेशन घेणे अंती स्वस्त पडते.

स्टेशनची रचना

स्टेशनचे दोन भाग असतात. मेजावर ठेवावयाच्या पेटीत एक लहान रोहित्र असते. ते २३० व्होल्टचा दाब सामान्यतः २४ व्होल्टपर्यंत उतरविते. दुसरा भाग म्हणजे हातात धरावयाची मूठ. तिच्यात तापणारी कांडी व तिच्या लगत तापमान जाणणारा संवेदक असतो. बिट ठरविलेल्या अंशाखाली गेले की पेटी प्रवाह सोडते. तेथवर पोहोचले की थांबविते. कुशल स्वयंपाकीण विस्तवाची लाकडे पुढेमागे सारून भाकरीचा तवा सांभाळते, तसेच हे काम आहे.

या नियंत्रणाची एक जुनी व सुंदर युक्ती वर्गात सांगण्याजोगी आहे. वेलर कंपनीच्या 'मॅग्नास्टॅट' आयर्नमध्ये बिटाच्या मागील टोकास एका विशिष्ट मिश्रधातूचा तुकडा असतो. थंड असताना त्याकडे आतील चुंबक ओढला जातो व विद्युत्‌मंडल जोडले जाते. ठरावीक तापमानास त्या तुकड्याचा चुंबकीय गुण नाहीसा होतो, चुंबक मागे सरतो व प्रवाह तुटतो. बिटावर ६, ७ किंवा ८ हा अंक असे. ७ म्हणजे ७०० अंश फॅरनहाइट, अर्थात सुमारे ३७० अंश सेल्सिअस.

दाब उतरला असता स्टेशन का टिकते, तेही पाहावे. ६० वॅटच्या स्टेशनची क्षमता १८० व्होल्टला सुमारे ३७ वॅट होते. परंतु लहान सांध्यांच्या कामात बिट गरम राखण्यास त्याहून कमी शक्ती लागते. उरलेली शिल्लक कामी येते. अधिक वॅट म्हणजे अधिक तापमान नव्हे, तर गमावलेली उष्णता लवकर भरून काढण्याची ताकद होय.

निवडीच्या कसोट्या

१. शक्ती : ५० ते ६० वॅट शालेय कामास पुरेसे आहेत.

२. बिट : तोच बिट पाच-दहा वर्षांनीही मिळेल काय, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय. हाक्को या जपानी कंपनीच्या ९३६ या स्टेशनचे उत्पादन थांबले आहे. परंतु त्याच्या '९००-एम' जातीच्या बिटांचे माप इतके रूढ झाले की, अनेक कंपन्यांची स्वस्त स्टेशने तेच माप वापरतात. दुसरी प्रचलित जात 'टी-१२' ही आहे. तिच्यात तापणारा भाग व संवेदक बिटातच असतात. त्यामुळे ती लवकर तापते, पण प्रत्येक बिटाची किंमत अधिक असते. शाळेस प्रथम ९००-एम जात सोयीची. तिच्यासोबत छिन्नीच्या आकाराचे एक बिट अवश्य घ्यावे. सुईसारखे टोक उष्णता नीट पोहोचवीत नाही.

३. भूसंपर्कन : तीन पिनांची प्लग व अर्थिंग अनिवार्य मानावे. दोन पिनांचे साधन कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. शाळेच्या भिंतीतील सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे की नाही, हे वायरमनकडून आधी तपासून घ्यावे.

४. केबल व स्टँड : मुठीची केबल मऊ, उष्णता सोसणारी असावी. स्टँड जड असावा. हलका स्टँड केबलच्या ओढीने कलंडतो व तेथेच भाजण्याचे प्रसंग घडतात.

५. अंकदर्शक : तापमानाचे चकाकते आकडे नसले तरी चालते. फिरविण्याच्या खुंटीवर अंशांच्या खुणा असल्या म्हणजे पुरे. आकड्यांसाठी द्यावयाचे पैसे दोन जादा बिटांवर खर्च करावे.

दुकानातील पारख

खरेदीपूर्वी स्टेशन चालू करून पाहण्याचा आग्रह धरावा. ३५० अंशांवर ठेवून डाखाची तार लावावी. ती तत्काळ व चकचकीत वितळली पाहिजे. नंतर जाड तांब्याच्या तारेवर लागोपाठ पाच-सहा सांधे करावे. शेवटचा सांधा पहिल्याइतक्याच वेळात झाला, तर नियंत्रण विश्वासार्ह समजावे. त्यानंतर प्लग काढून मल्टिमीटरने बिट व प्लगची अर्थपिन यांमधील रोध मोजावा; तो अत्यल्प, एक-दोन ओहमांच्या आसपास, असावा. मीटर काहीच जोड दाखवीत नसेल, तर ते स्टेशन परत करावे.

निगा

साध्या आयर्नचे तांब्याचे बिट कानशीने घासले तरी चालते. स्टेशनच्या बिटाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या तांब्यावर लोखंडाचा पातळ मुलामा असतो. एकदा कानस लावली की तो जातो व आतील तांबे डाखात विरघळू लागते. म्हणून ते ओलसर स्पंजवर किंवा पितळी काथ्यावरच पुसावे. काम संपताच टोकावर ताजा डाख माखून मगच स्टेशन बंद करावे. दोन तासिकांच्या मध्ये तापमान उतरवून ठेवावे.

मुलांची सुरक्षितता

शिशाचे शरीरात सुरक्षित प्रमाण असे कोणतेही आढळलेले नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूस त्यापासून विशेष अपाय होतो. यास्तव शाळेत शिसेविरहित डाखच वापरावा. तो महाग असला तरी येथे काटकसर करू नये. नियंत्रित स्टेशन घेण्याचे हेही एक कारण आहे, कारण या डाखास अधिक व स्थिर तापमान लागते.

काम करताना जो धूर दिसतो, तो राळेचा असतो. तो श्वासास अपायकारक असल्याने खिडकीजवळ बसावे व तोंड सांध्यावर नेऊ नये. डोळ्यांवर चष्मा असावा. एका वेळी एकाच विद्यार्थ्याने, शिक्षक समोर असताना, काम करावे. काम आटोपल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज खाऊस हात लावू देऊ नये. भाजल्यास तो भाग २० मिनिटे थंड वाहत्या पाण्याखाली धरावा. शाई, हळद वा दंतमंजन लावू नये.

खर्चाची सोय

अटल नवप्रवर्तन अभियानात २०१६ पासून निवडक शाळांना प्रयोगशाळेसाठी २० लक्ष रुपयांपर्यंत अनुदान देण्यात आले. परंतु दोनशिक्षकी शाळेने त्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. केंद्रातील आठ-दहा शाळांनी मिळून एक स्टेशन, एक मल्टिमीटर व डाखाचे एक रीळ घ्यावे, केंद्रशाळेत ठेवावे व नोंदवही करून आठवड्याच्या पाळीने वापरावे. साधन फिरते असल्यास प्रत्येक वेळी अर्थपिनेची तपासणी करून त्याची नोंद त्याच वहीत ठेवावी. अशा रीतीने थोड्या पैशांत पुष्कळ मुलांच्या हातून पक्के सांधे होतील, आणि प्रदर्शनाच्या मेजावर कळ दाबताच घंटा वाजेल.