५५ शत्रू आणि एक नाणं

बारामती-इंदापूरकडे नव्वदच्या दशकात वाढलेल्यांपुढे व्हिडिओ गेमचा विषय काढा, पहिलं नाव ‘मुस्तफा’चं निघेल. कॅपकॉमचा हा १९९३चा खेळ. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, पण पोरांनी त्यातल्या एका गड्याचंच नाव चालवलं. नाणं टाकून यंत्रासमोर उभं राहण्याचं हे वेड मात्र त्याच्या पंधरा वर्षं आधी टोकियोत बनलेल्या एका काळ्या-पांढऱ्या खेळाने जगभर पसरवलं. तो ‘स्पेस इन्व्हेडर्स’.

साल १९७८. तैतो कंपनीतले इंजिनिअर तोमोहिरो निशिकादो यांना अटारीच्या ‘ब्रेकआउट’ने झपाटलं होतं. चेंडूने फोडायच्या त्या मुक्या विटांच्या जागी उलट मारा करणारे शत्रू आणले तर? असा खेळ बनवायची साधनं त्यांनी स्वतःच जुळवली. इंटेलच्या ८०८० प्रोसेसरभोवती सर्किट उभारलं, चित्रं काढली, प्रोग्रॅमही लिहिला. रणगाडे आणि विमानं हवी तशी हलेनात. माणसं छान हलत होती, पण माणसांवर गोळ्या झाडायला वरिष्ठांची मनाई होती. अखेर एच. जी. वेल्सच्या मंगळवासीयांवरून ऑक्टोपस सुचला. मग खेकडे आले, माकूळ आले.

५ रांगा, प्रत्येकीत ११ शत्रू. आडवे सरकतात, कडेला पोचले की एक पायरी खाली उतरतात. तळाशी आपली तोफ, तिच्यापुढे चार आडोसे, तेही दोन्हीकडच्या माऱ्याने झिजत जातात. आपली एक गोळी लागेपर्यंत किंवा वाया जाईपर्यंत दुसरी सुटत नाही, म्हणून नेम चुकणं फार महागात पडतं.

या यंत्राचं मर्म मला त्याच्या वेगात दिसतं. पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा नवं होई आणि दर वेळी एकच शत्रू हले. ५५ जणांचं एक पाऊल पडायला जवळजवळ सेकंद लागे. निम्मे मारले की उरलेले दुप्पट वेगाने येत, आणि शेवटचा एकटा तर सुसाट धावे. प्रोसेसरच्या मर्यादेतून आलेला हा थरार निशिकादोंनी ओळखला आणि तसाच ठेवला. सोबत चार उतरत्या सुरांचा ठोका, तोही चढत जाणारा. किती मोठी नजर आहे ही!

आधीचे बरेच खेळ घड्याळाच्या काट्यावर संपत. इथे एका नाण्यात किती वेळ टिकायचं ते हाताच्या कसबावर होतं, आणि सर्वाधिक गुणांचा आकडा पडद्यावर झळकत असे. मग लोक यंत्राचा अभ्यासच करू लागले. वरून जाणारी तबकडी आपल्या २३व्या गोळीने टिपली की ३०० गुण मिळतात आणि त्यापुढे दर १५व्या गोळीला, हे त्यांनी मोजून काढलं. सगळ्यात धाडसी युक्ती ‘नागोया’ या नावाने ओळखली जाते. शत्रू तोफेच्या अगदी डोक्यावर आले की त्यांच्या गोळ्या तोफेला लागतच नाहीत. आणखी एक पायरी उतरले की खेळ संपला. तरी पट्टीचे खेळाडू मुद्दाम तिथवर येऊ देत आणि मग खालची रांग एकेक करून उडवत.