पोलराइज्ड काच म्हणजे काळी काच नव्हे

कारंजा-मालेगावकडून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर भर दुपारी गाडी हाकणारे हल्ली ‘पोलराइज्ड’ गॉगल मागतात आणि हमखास सर्वांत काळा उचलतात. काच जितकी काळी तितकी पोलराइज्ड, हा गैरसमज.

काळी काच प्रकाश सरसकट अडवते; पोलराइज्ड काच म्हणजे ध्रुवक, तो प्रकाशाच्या कंपनांची दिशा पाहतो. सूर्यप्रकाशाची कंपने सर्व दिशांना असतात. ध्रुवक त्यांतला एकाच दिशेचा भाग सोडतो, म्हणून अगदी आदर्श ध्रुवकातूनही निम्माच प्रकाश पार होतो. एकबुर्जी धरणाच्या पाण्यावरून तिरपी येणारी चकाकी मुख्यतः आडव्या कंपनांची. गॉगल उभी कंपने सोडतो, त्यामुळे चकाकी मावळते. मान खांद्याकडे कलती करा, ती परत येईल. साध्या काळ्या काचेत असा फरक पडत नाही. दुकानातच पारख करून घ्या.

दोन ध्रुवक एकावर एक ठेवले की पाव प्रकाश उरतो, हेही खरे नाही. किती उरेल ते त्यांच्यातल्या कोनावर ठरते. मालूस या फ्रेंच शास्त्रज्ञाचा १८०९ चा नियम सांगतो, की पहिल्यातून आलेल्या प्रकाशापैकी दुसरा ३० अंशांत पाऊण, ६० अंशांत पाव आणि ९० अंशांत जवळजवळ शून्य सोडतो. आता या काटकोनातल्या जोडीच्या मध्ये तिसरा ध्रुवक ४५ अंशांत सरकवा. अंधार वाढायला हवा, पण मूळ प्रकाशाचा आठवा हिस्सा बाहेर येतो! कारण ध्रुवक नुसता गाळत नाही, पार झालेल्या प्रकाशाला स्वतःची दिशाही देतो.

मधे स्फटिक ठेवला तरी उजेड फुटतो. रिसोडच्या शेजारच्या लोणार विवराचे कोडे याच युक्तीने उलगडले. बेसाल्टच्या पातळ कापातले फेल्डस्पार हे स्फटिकी खनिज काटकोनी ध्रुवकांमध्ये उजळते. लोणारच्या तळातून छिद्रे पाडून काढलेल्या खडकांत मात्र ते काही ठिकाणी फिरवूनही काळेच राहिले: आघाताने त्याची स्फटिकरचना मोडून त्याची मॅस्केलिनाइट नावाची काच झाली होती. विवर अशनीच्या आघाताचे, हे १९७३ मध्ये ‘सायन्स’मध्ये सिद्ध झाले ते अशा पुराव्यावर.

आणखी एक गैरसमज डोळ्यांवर बेतणारा आहे. काटकोनात लावलेल्या पोलरॉइड पट्ट्यांतून सूर्य मंद दिसतो, पण अवरक्त किरण बरेचसे आरपार जातात आणि दृष्टिपटलाला इजा करू शकतात. २ ऑगस्ट २०२७ ला महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. त्या दिवशी पोरांच्या हाती आयएसओ १२३१२-२ मानकाचेच ग्रहणचष्मे द्या.