रजोनिवृत्ती आणि एडीएचडी : कुटुंबीयांसाठी माहिती

सलग १२ महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे मानतात. त्याआधीच्या काही वर्षांत इस्ट्रोजेनची पातळी चढउतार करीत घटत जाते. मेंदूतील डोपामिनच्या कार्यास या संप्रेरकाचे साहाय्य असते. एडीएचडी, म्हणजेच अवधानाची कमतरता व अतिचंचलता, असलेल्या स्त्रीची लक्षणे त्यामुळे या काळात तीव्र होऊ शकतात. याद्या आणि गजर यांच्या आधारे वर्षानुवर्षे सांभाळलेली घडी विस्कटते आणि घरात त्यास निष्काळजीपणा म्हटले जाते.

मात्र प्रत्येक विसरभोळेपणा म्हणजे एडीएचडी नव्हे. थायरॉईडचे विकार, रक्तक्षय व अपुरी झोप यांचाही विचार करावा लागतो. एडीएचडीची लक्षणे वयाच्या १२ वर्षांपूर्वीपासून असावी लागतात. म्हणून शाळेचे जुने प्रगतिपुस्तकही निदानास उपयोगी पडते. औषधे व समुपदेशन यांचा लाभ होतो. कुटुंबीयांनी दोष न देता तपासणीस सोबत यावे, ही विनंती.