गारपीट माझ्या शेतात, सरासरी काउंटीची

अमेरिकेत आयोवातल्या मका शेतकऱ्याचं पीक गारपिटीनं झोपलं, तरी ‘आर्क-काउंटी’ या सरकारी योजनेतून त्याला छदामही न मिळण्याची शक्यता असते. कारण इथं एकट्याचं शेत बघतच नाहीत. उत्पादन मोजतात अख्ख्या काउंटीचं (म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं), भाव धरतात देशाचा. मागच्या पाच वर्षांतला सर्वांत चढा आणि सर्वांत पडका आकडा वगळून सरासरी काढतात. समजा, एकरी 200 बुशेल (धान्याचं तिथलं माप) आणि बुशेलला 4 डॉलर भाव, म्हणजे 800 डॉलर. 2025च्या कायद्यानं या उत्पन्नाची हमी 90 टक्क्यांची केली, म्हणजे 720. यंदा 190 बुशेल, साडेतीन डॉलर भाव, हाती 665. फरक 55 डॉलर.

तोही पूर्ण मिळत नाही! पैसे मिळतात ते ‘बेस एकर’च्या 85 टक्क्यांवर. हे क्षेत्र जुन्या पेऱ्यांवरून ठरलेलं. त्यामुळे मक्याच्या नोंदीवर पैसे घेणाऱ्याच्या रानात आज सोयाबीन डोलत असू शकतं. मला हे विचित्रच वाटतं, पण अनुदानाकडे बघून पेरणी होऊ नये, असा त्यामागचा हिशेब.

आपल्या पीकविम्यातही महसूल मंडळाच्या सरासरीवरून अशीच कुरकुर चालते. आणि अमेरिकेत तर आर्क-काउंटीचे पैसे यायला पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर उजाडतो.