नाव ‘दोबारा’, पण माणसं कुठंयत?

वसमतहून शिकायला पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांना भाड्याच्या खोलीतला संसार नवा नाही. २०१५ मध्ये झी मराठीवर ‘दिल दोस्ती दुनियादारी’ ही मालिका आली, तेव्हा तिच्यातलं ‘माजघर’ हे घर त्यांना आपलंच वाटलं. कैवल्य, सुजय, आशू, रेश्मा, मीनल, अ‍ॅना : सहा जणांची भांडणं आणि एकच छप्पर.

२०१७ मध्ये ‘दिल दोस्ती दोबारा’ सुरू झाली. अमेय वाघ, सुव्रत जोशी, पुष्कराज चिरपुटकर, सखी गोखले, स्वानंदी टिकेकर, पूजा ठोंबरे, सगळे चेहरे तेच. पात्रं मात्र नवी, आणि माजघराऐवजी ‘खयाली पुलाव’ नावाचं हॉटेल. प्रेक्षकांचं दुखणं इथंच होतं. अमेय समोर दिसतोय, पण कैवल्य नाही! अभिनयात खोट नव्हती. नावानं दिलेला शब्द कथेनं पाळला नाही, एवढंच. मालिका त्याच वर्षी आटोपली.

हिंदीतही ओळखीच्या नावाखाली नवं काही दाखवण्याचं असंच झालंय. एकता कपूरचं २००८ मधलं महाभारत काही महिन्यांत गुंडाळलं गेलं. उलट २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शननं १९८७चं ‘रामायण’ जसंच्या तसं दाखवलं, आणि घरोघरी पुन्हा टीव्हीसमोर बैठक जमली.